निवड चालू आहे

आमच्या ह्यांना वस्तू विकत घ्यायची नसते, निवडायची असते. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला हे कळलं. पंखा घ्यायचं ठरलं आणि तो घरी आला तेव्हा कपाटातून स्वेटर काढायची वेळ झाली होती. मधल्या काळात घरात पात्यांचा कोन आला, मोटरमधलं तांबं आलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अनुभव आले. वारा तेवढा आला नाही. मिक्सर निवडेपर्यंत मी पाट्यावर वाटलं, आणि गादी निवडेपर्यंत आम्ही सतरंजीवर झोपलो. पाठ धरली तेव्हा हे म्हणाले, "बघ, म्हणूनच घाई करून चालत नाही."

त्यामुळे एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "आता एक चांगलं सोल्डरिंग स्टेशन घ्यावं लागणार," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोल्डरिंग म्हणजे कथील वितळवून तार जोडणं. एका हातात तापलेलं आयर्न, दुसऱ्या हातात कथलाची तार, टोक टेकवलं की टाका बसला. साधं आयर्न कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात खिळ्यांच्या शेजारी टांगलेलं असतं. स्टेशन म्हणजे तेच आयर्न, फक्त सोबत एक डबा, डब्यावर तापमानाचे आकडे आणि आकडे वरखाली करायची बटणं. चांगली वस्तू आहे, नाही म्हणत नाही. रोज काम करणाऱ्याला हवीच. पण रोज काम करणाऱ्याला!

आमचे हे विमा कंपनीत नोकरी करतात आणि इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांचा छंद. मागच्या खोलीत एक टेबल आहे. टेबलावर छोट्या छोट्या कप्प्यांचे डबे, कप्प्यांत रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, कंपॅसिटर, आयसी, आणि प्रत्येक कप्प्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. दुकानात नसेल इतका माल. त्या मालातून आजवर दोन वस्तू झाल्या. एक दारावरची बेल, जी दारात कोणी नसताना वाजते. दुसरं कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र. ते रोप सडून गेलं. यंत्र अजून आहे, रिकाम्या कुंडीला इमानेइतबारे पाणी घालतं.

तर अशा माणसाला स्टेशन हवं होतं, आणि कशासाठी? तर बाबांच्या आवाजासाठी. इथे मात्र हसायचं नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. भाजीच्या घाऊक बाजारात त्यांनी उभा जन्म लिलाव पुकारला. टोमॅटोच्या क्रेटांवर उभे राहून ओरडले की फाटकाबाहेरचा टेम्पोवाला तिथूनच बोली लावायचा. घरातही बोलणं त्याच पट्टीत. मीठ कमी पडलं की चार घरांना कळायचं. मग घशाचा आजार झाला आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. महिनोन्महिने घर असं गप्प होतं की मला त्यांची शिवीसुद्धा गोड वाटली असती. नंतर ते यंत्र आणलं, टॉर्चएवढं. गळ्याला लावून बटण दाबायचं, ते घूं करतं, आणि तोंड हलवलं की त्या घूंचे शब्द होतात. सगळे शब्द एकाच सुरात. लाडानं बोला नाहीतर रागानं, ऐकणाऱ्याला सारखंच. पण बाबांनी महिन्याभरात ते असं हाती बसवलं की मीठ कमी पडल्याचं पुन्हा सगळ्यांना कळायला लागलं.

एका सकाळी दाढी करताना ते यंत्र हातातून निसटलं आणि न्हाणीघराच्या फरशीवर आपटलं. बाबांनी उचलून गळ्याला लावलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आरशात बघत कितीतरी वेळ ते बटण दाबत होते.

ह्यांनी लगेच यंत्र खोललं. खोलण्यात ते पटाईत आहेत, ते मी नाकारत नाही. भिंग लावून पाहिलं आणि निदान केलं, तेही बरोबर केलं. बॅटरीकडून आतल्या सर्किटच्या पट्टीकडे जाणाऱ्या दोन तारा मुळातून सुटल्या होत्या. बाकी सगळं ठणठणीत. दोन टाके मारायचे, बस.

"मग मारा की," मी म्हटलं. "ते जुनं आयर्न आहे ना खोक्यात."

"अगं, त्या आयर्नला तापमानाचा कंट्रोल नाही. पट्टीवरचं तांबं उचकटलं तर संपलं सगळं. हे यंत्र आता बनत नाही, नवीन मॉडेल बाहेरून मागवायचं तर आपल्या आवाक्यातलं नाही. इथे रिस्क घ्यायची नाही. योग्य अवजार आणायचं आणि एकदाच काम करायचं."

ऐकायला किती शहाणपणाचं! कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बाबा स्वतः पाटी घेऊन जाऊन आले होते. पाटी म्हणजे पुसता येणारी पांढरी पाटी, त्यावर ते लिहून बोलतात. त्यानं हात वर केले, म्हणाला औषधोपचाराच्या वस्तूला मी हात लावत नाही. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं की नवीन घ्या. राहता राहिलं आमचं घर, आणि घरात हे.

आणि मी. आता माझंही सांगून टाकते, उगाच झाकून काय करायचं? लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं मी रेडिओच्या कारखान्यात होते. लाइनवर बसून टाके मारायचे, हेच काम. पट्टा पुढे सरकतो, समोर पट्टी येते, मारा टाके, गेली पुढे. झोपेत उठवून आयर्न हातात दिलं तरी माझा टाका चमकदारच येईल. कारखाना बंद पडला, हात काही बंद पडले नाहीत. ही गोष्ट ह्यांना माहीत, बाबांना माहीत, सगळ्या भाऊबंदांना माहीत.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "द्या इकडे, मी करते."

त्यावर हे हसले. रागावले असते तर चाललं असतं, पण हसले. म्हणाले, "तुमचं ते कारखान्यातलं काम वेगळं गं. तिथे डोकं लावायचं नसतं, नुसते हात चालवायचे. हे नाजूक प्रकरण आहे."

डोकं लावायचं नसतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाच्या बेलला माणूस आणि वारा यांतला फरक कळत नाही, तो मला डोकं शिकवतोय. मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि मनाशी ठरवलं: आता ह्यांनी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नाक घासत यायला हवेत. "तुला जमतंय, तू कर," हे त्यांच्या तोंडून ऐकायचं, मगच आयर्न हातात धरायचं. तोवर बघू दे डोकं किती चालतं ते.

आणि चाललं हो, भरधाव चाललं. पहिल्या आठवड्यात त्यांनी बजेट ठरवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की बजेटमध्ये येतं त्याचं टोक लवकर झिजतं. मग आणखी थोडे घातले तर टोक आणि हीटर एकत्र असलेलं येतं, ते झटकन तापतं. आणखी थोडे घातले तर त्यात हॉट एअरही येतं, म्हणजे गरम हवा फुंकायची नळी. ती कशाला हवी, तर पुढेमागे लागली तर. मग अंगावर काटा आला, कारण आता ते बजेटच्या पार बाहेर गेलं होतं. मग पुन्हा खाली. मोबाइलच्या चार्जरवर चालणारं पेनासारखं आयर्न स्वस्त आणि मस्त, पण चार्जर वेगळा घ्यावा लागतो, आणि चार्जर निवडणं हा पुन्हा स्वतंत्र विषय. भिंतीवर कागद चिकटवून त्यांनी तक्ता केला. उभ्या रकान्यात स्टेशनं, आडव्यात गुण. खाली लाल अक्षरात लिहिलं, 'निवड चालू आहे'. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते मला भिंतीवर लावलेलं दिसत होतं.

फोनवर ह्यांच्यासारख्यांचा एक ग्रुप आहे. सगळे बसल्या जागी एकमेकांना अवजारं सुचवतात. त्यातल्या एकाला सगळे गुरुजी म्हणतात. ते शिकवत कुठेच नाहीत, पण त्यांच्याकडे चार स्टेशनं आहेत, म्हणून गुरुजी. एका रविवारी ते आमच्याकडे आले, हातात बॅग. बॅगेत त्यांचं सगळ्यात महागडं स्टेशन. मला वाटलं, देव पावला! बाबांनाही तसंच वाटलं असणार. कारण ते स्वच्छ शर्ट घालून, खोललेलं यंत्र एका रुमालात घेऊन टेबलाशी येऊन बसले.

गुरुजींनी स्टेशन लावलं. आकडे चढले. हे श्वास रोखून बघत होते. गुरुजींनी एका टाकाऊ पट्टीवर टाका मारला, उचलला, पुन्हा मारला. "बघा, रिकव्हरी बघा, टोक कसं लगेच पुन्हा तापतं," म्हणाले. हे म्हणाले, "वा!" गुरुजींनी टोक बदलून दाखवलं. हे पुन्हा वा म्हणाले. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. बाबांनी रुमाल उलगडून यंत्र हळूच पुढे सरकवलं.

गुरुजींनी भिंगातून पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. म्हणाले, "ह्याला माझ्याकडची ही टोकं जाड पडतील. ह्याला निमुळतं टोक पाहिजे. आणि खरं सांगू का, शरीराला लावायची वस्तू आहे, अर्थिंगचा प्रश्न येतो. घाई करू नका. तुमची निवड योग्य दिशेनं चालली आहे."

आणि त्यांनी स्टेशन बंद केलं, थंड होईपर्यंत चहा प्यायले, बॅगेत भरलं आणि गेले. तापलेलं आयर्न समोर, सुटलेल्या तारा समोर, आणि दोन शहाणी माणसं अर्थिंगवर बोलत बसली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! टोक जाड आहे म्हणे. कारखान्यात आम्ही ह्याच्या दुप्पट जाड टोकानं ह्याच्या निम्म्या जाडीच्या तारा जोडल्यात. मी हे तोंडानं बोलले नाही. विचारलं कोणी होतं मला? बाबांनी रुमालाच्या चारी कडा नीट दुमडल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलल्या.

एवढ्यावर निभावलं असतं तरी मी हसण्यावारी नेलं असतं. माणूस पाटीवर लिहून जगू शकतो. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, माझ्याशी बाबांचं सगळं पाटीवर चालत होतं. पण बाबांना एक थोरली बहीण आहे. ताई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्या दूरच्या गावी त्यांच्या सुनेकडे असतात, आणि त्यांना दिसत नाही. मुळीच दिसत नाही. त्यांना पाटी काय कामाची? भावाबहिणीचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. बोलणं कसलं, भांडणच. आज काय खाल्लंस, काल का नाही फोन केलास, तुला लहानपणापासून अक्कल नाही. आत्या त्यांना अजून 'धाकल्या' म्हणतात. सत्तरी उलटलेला धाकल्या.

यंत्र बिघडलं त्या संध्याकाळी मीच फोन घेतला. "आत्या, बाबांचं यंत्र बिघडलंय. दुरुस्त झालं की बोलतील. ते इथेच आहेत, ऐकतायत."

मग आत्या म्हणाल्या, "बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते मला दुसऱ्या दिवशी उमगलं. ह्या भावंडांत एक मधला भाऊ होता. तो वारला तेव्हा आत्या आजारी होत्या. त्यांना धक्का नको म्हणून घरच्या शहाण्यांनी कितीतरी दिवस सांगितलं, "त्याचा घसा बसलाय, बरा झाला की बोलेल." ही शक्कल काढणारे दुसरे कोणी नव्हते, बाबाच होते. अखेर खरं कळलं तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, "म्हणजे मी रोज मेलेल्या माणसाची विचारपूस करत होते."

आता त्यांना तेच पुन्हा सांगितलं जात होतं. यंत्र बिघडलंय. दुरुस्त झालं की बोलेल.

चौथ्या-पाचव्या फोनला त्या म्हणाल्या, "सूनबाई, तो असला तर त्याला म्हणावं, फोनवर दोनदा टकटक कर." बाबांनी नखानं दोनदा टकटक केलं. इतक्या घाईनं केलं की फोन माझ्या हातून पडता पडता राहिला. आत्या म्हणाल्या, "टकटक काय, तूसुद्धा करशील." बाबांनी फोन हिसकावून तोंडाशी नेला आणि नुसतं तोंड हलवलं. श्वासाची थोडी फुसफुस झाली असेल तेवढीच. पलीकडून आवाज आला, "कोण आहे? कोणी बोलत का नाही?" बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या खोलीत जाऊन तक्त्यासमोर उभे राहिले.

मी ह्यांना झाडलं. "अहो, तिकडे ती बाई भावाला मेला समजून बसलीय! आणि तुम्ही टोकाची जाडी मोजताय?"

"मला काय कमी काळजी आहे? माझे वडील आहेत ते," हे म्हणाले. "पण अर्धवट अवजारानं पट्टी जळली तर आत्या काय आणि बाबा काय, कायमचं संपलं. दोनच उरलीत आता यादीत. आज रात्री ठरवतो."

रात्री ठरलं. सकाळी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की त्याच स्टेशनचा डबा महिन्याभरात जळाला. झालं! यादीत पुन्हा पाच. पालथ्या घड्यावर पाणी.

तुम्ही म्हणाल, बाई, तू काय करत होतीस? मी वाट बघत होते. रोज संध्याकाळी आत्यांशी खोटं न बोलता खोटारडी ठरत होते, आणि रोज रात्री ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. विचारतील, आता विचारतील. एकदा तर विचारता विचारता राहिले. "अगं, तुमच्या कारखान्यात..." म्हणाले. मी हातातलं काम टाकून वळले. "...तुमच्या कारखान्यात स्टेशनं कुठल्या कंपनीची होती?" कप्पाळ माझं! मी म्हटलं, "आठवत नाही." चांगलं आठवत होतं. स्टेशनं नव्हतीच, साधी आयर्न होती.

मग आत्यांच्या सुनेचा फोन आला, भलत्या वेळी, दुपारी. ती बिचारी शांत बाई, पण एका दमात बोलत सुटली. "वहिनी, खरं सांगा. मामा आहेत ना? सासूबाईंनी कालपासून अन्न तोंडात घेतलं नाही. भरवायला गेलं की दात आवळतात. आज पाणीही घेईनात. म्हणतात, सगळी भावंडं गेली, आता मला कशाला जेवू घालता. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात दोन दिवसही पुष्कळ होतात."

फोन स्पीकरवर होता. बाबा समोरच बसले होते. ते उठले, पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि पाटी त्या फोनसमोर धरली. फोनसमोर! मला रडू फुटलं. ह्या घरात माझ्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिलेलं नाही, त्या दिवशी पाहिलं.

तेवढ्यात हे मागच्या खोलीतून बाहेर आले, चेहरा उजळलेला. "झालं! मागवलं! तक्त्यात सगळ्यात जास्त गुण ह्यालाच होते. आठवड्याभरात येईल. टोकं वेगळी मागवावी लागतील, ती मात्र अजून ठरवायचीत."

मी मागच्या खोलीत गेले, खोक्यातून ते जुनं आयर्न काढलं. टोक काळंकुट्ट. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले, कानशीनं टोक घासलं, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत घासलं. प्लगला लावलं, तापल्यावर राळेत बुडवलं, कथील चढवलं. टोक चमकायला लागलं. बाबा रुमाल घेऊन आले. मी यंत्र दोन वाट्यांच्या मध्ये अडकवून बसवलं, तारांची टोकं सोलून पिळली.

हे मागून ओरडत होते. "अगं, तापमान किती आहे ते तरी बघ! पट्टी जळेल! मी सांगतोय ना, आठवड्याभरात..."

"गप बसा," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत अहोजाहो सोडलं नव्हतं, तेव्हाही सोडलं नाही. पण ते गप बसले.

एक टाका. श्वास सोडला. दुसरा टाका. दोन्ही गोल, चकचकीत. शेगडीवर दूध ठेवलं असतं तर ते तापलंही नसतं. झाकण लावलं, स्क्रू पिळले, यंत्र बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी गळ्याला लावलं. घूं. घरभर घूं झालं. पहिला शब्द ते माझ्याशी बोलले नाहीत, मुलाशीही नाही. फोनकडे बोट करून म्हणाले, "लाव."

मी फोन लावला. सुनेनं तो आत्यांच्या कानाशी धरला. बाबा म्हणाले, "ताई."

बाबांनी यंत्र गळ्याशी आणखी दाबलं.

"ताई. मी. धाकल्या. यंत्र खरंच बिघडलं होतं."

मग आत्यांचा आवाज, चिरका, खोल गेलेला. "मेल्या! मेला होतास ना तू? कुठे होतास?"

"इथेच."

"इथेच होतास आणि मला एक शब्द नाही? तुला लहानपणापासून अक्कल नाही. थांब जरा. अगं सूनबाई, पेज आण बघू. आण लवकर. आणि हा फोन ठेवू नका, मी खाईपर्यंत ह्याला बोलत राहू दे."

आणि बाबा बोलत राहिले. काय बोलणार? टोमॅटोचे भाव बोलले. ह्या वर्षीचे नाहीत, कुठल्यातरी जुन्या वर्षाचे. पलीकडून चमच्याचा आवाज येत होता, आणि मधूनच आत्या म्हणायच्या, "हं, पुढे." मी ओट्याला टेकून उभी राहिले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे यंत्राच्या झाकणाकडे बघत होते. माझी नजर गेल्यावर हळूच म्हणाले, "राळ कुठली वापरलीस?"

फोन संपला. बाबांनी यंत्र गळ्यावरून न काढता मुलाकडे तोंड वळवलं. "गाढव," म्हणाले. नुसतं एवढंच. त्या सपाट आवाजातसुद्धा ते इतकं नेमकं बसलं की मला हसू आवरेना. ह्यांनी मान खाली घातली आणि जाऊन तक्ता भिंतीवरून सोडवायला लागले. मी कितीतरी दिवस ज्या क्षणाची वाट बघत होते, तो हाच. नाक घासून नाही आले, पण नाक खाली तरी आलं. मी तृप्त झाले. आयर्न प्लगमधून काढलं आणि थंड व्हायला ठेवलं.

तेव्हा बाबा माझ्याकडे वळले.

"तो गाढव आहे," ते म्हणाले. "त्याला येत नाही."

"ते तर दिसलंच," मी म्हटलं.

"तुला येत होतं ना?"

मी म्हटलं, "हो, म्हणजे काय! पहिल्याच दिवशी म्हणाले होते मी, पण हे काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना? डोकं लावायचं नसतं म्हणे. मग मी म्हटलं, आता विचारल्याशिवाय..."

वाक्य तिथेच राहिलं, कारण पुढे 'हात लावायचा नाही' हे येतं, ते मला बोलता बोलता ऐकू आलं.

त्या यंत्राच्या आवाजात राग कळत नाही, दुःखही कळत नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. तिथे राग नव्हता. ते मला जरा पुढे वाकून निरखत होते, बाजारात वरचा थर चांगला दिसणारा क्रेट तळापर्यंत उपसून बघावा तसे.

"पहिल्या दिवसापासून?" त्यांनी विचारलं.

मागच्या खोलीत कागद टरकन फाटला. मी ओट्यावरची कथलाची तार गुंडाळायला घेतली. बाबांनी यंत्र गळ्याला तसंच लावून ठेवलं होतं. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते.